खारीचा वाटा

बदलीच्या नोकरीत जनावर बाळगू नये, असा आमच्या घरातला एक जुना नियम आहे. तो कोणी लिहून ठेवलेला नाही. परंतु लिहिलेल्या पुष्कळ नियमांपेक्षा तो अधिक कसोशीने पाळला गेला आहे. जबलपूरला असताना दारात आलेले कुत्र्याचे पिल्लू आम्ही शेजाऱ्यांच्या पदरात घातले. रायपूरला चिरंजीवांनी शाळेतून येताना दप्तरात घालून आणलेले मांजर दोन दिवसांत परत गेले. दर तीन-चार वर्षांनी ज्याला आपले बिऱ्हाड खोक्यांत भरून ट्रकवर चढवायचे असते, त्याने मुक्या जिवाला माया लावावी आणि मग त्याला फाटकापाशी उभे करून निघून जावे, हे बरे नव्हे, एवढाच त्यातला विचार. आता चिरंजीव शिक्षणासाठी बंगळूरला गेले, आमच्या नोकरीची चार वर्षे उरली, बरेलीचे हे बहुधा शेवटून दुसरे ठाणे. आणि इथे येऊन तो नियम मोडला. मोडला तोही अवघ्या १९ ग्रॅम वजनाच्या जिवाने.

बरेली म्हटले की परमुलखातल्या मराठी माणसालाही ते बाजारात हरवलेले झुमकेच आठवतात. ज्या चित्रपटामुळे ते हरवले तो 'मेरा साया' (१९६६) आपल्या राजा परांजप्यांच्या 'पाठलाग' (१९६४) वरून घेतलेला, हे इथल्या मंडळींना सांगण्यात आम्हांला उगाचच एक समाधान वाटते. असो. सांगायचे ते आंधीबद्दल. उत्तरेकडच्या ह्या धुळीच्या वादळाचे वर्णन घरच्या माणसांना कितीही रंगवून सांगितले तरी त्यांना ते पटत नाही. दुपारभर आकाश पितळेच्या ताटासारखे तापलेले असते. संध्याकाळी पश्चिमेकडून एक तपकिरी भिंत उठते आणि पाहता पाहता समोरचे घर दिसेनासे होते. वैशाखातल्या अशाच एका शनिवारी आंधी आली, दोन तास दारे-खिडक्यांशी झुंजली आणि गेली. रविवारी सकाळी पाहतो तो अंगणातल्या कडुनिंबाची एक मोठी फांदी आडवी झालेली. माळी ती तोडून बाजूला करीत होता. फांदीच्या बेचक्यात काथ्या, कापूस, सुतळीचे तुकडे आणि कुणाच्या तरी लोकरी मोज्याचा धागा असे गुंतवळ दिसले. खारीचे घरटे. आई फांदीखालीच सापडली. तीन पिल्लांपैकी दोन गेलेली होती. तिसरे माळ्याच्या तळहातावर पडून होते: डोळे मिटलेले, अंगावर लव आहे-नाही अशी, आणि पाठीवर पेन्सिलीने ओढल्यासारख्या फिकट रेघा.

"बाबूजी, ये बचेगी नहीं," माळी म्हणाला. आणि इतक्या मायेने म्हणाला की त्याचा राग यावा असे त्यात काही नव्हते.

आमच्या सौ. सावंतवाडीकडच्या. त्यांनी पिल्लू पदरात घेतले, चष्मा पुसला आणि सर्वप्रथम रेघा मोजल्या. "पाच आहेत. आमच्या चानीला तीनच असतात." आम्ही वाईचे, आमच्याकडे खार ही खारच. कोकणात तिला चानी म्हणतात हे लग्नानंतर कळले. परंतु रेघांचा हिशेब मात्र खरा आहे. दक्षिणेकडची खार तीन रेघांची आणि उत्तरेकडची पाच रेघांची. जाती दोन, चुलत बहिणी म्हणा. सेतू बांधताना खारीने वाळूचे कण वाहिले, रामाने प्रसन्न होऊन तिच्या पाठीवरून तीन बोटे फिरवली, ही गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकतो. वाल्मीकींच्या रामायणात ती नाही. लोकांनी मागाहून आपल्या मायेने घातली. मग अयोध्येच्या इतक्या जवळ आल्यावर रामाने दोन बोटे जास्त फिरवली असतील, असे सौ. म्हणाल्या. त्या गोष्टीवरून निघालेला 'खारीचा वाटा' हा शब्दप्रयोग आम्ही आजवर निदान चाळीस निरोपसमारंभांत ऐकला असेल, आणि पाच-सहांत स्वतः वापरला असेल. खार प्रत्यक्षात किती वजनाची असते, हे त्यांपैकी एकाही वक्त्याला ठाऊक नसावे.

आम्ही पडलो शासकीय माणूस. तेव्हा पहिली काळजी कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात एक कलम आहे की, असा प्राणी ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास अथवा अधिकृत अधिकाऱ्यास कळवावे. रविवार असूनही आम्ही फोन लावीत राहिलो. शेवटी कोणीतरी उचलला. पलीकडच्या गृहस्थांनी आमचे सगळे निवेदन शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "गिलहरी ही है न, साहब?" आम्ही होय म्हणालो. "तो पाल लीजिए. बड़ी हो जाए तो छोड़ दीजिएगा." इतका स्पष्ट, इतका थोडक्यात आणि इतका अंमलात आणण्याजोगा आदेश आम्हांला आमच्या सेवाकालात क्वचितच मिळाला आहे.

ह्यानंतर जे घडले ते लिहिताना हात थोडा अडखळतो.

दुपारी सौ. बाजारात गेल्या होत्या. पिल्लू बुटाच्या खोक्यात, जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यावर पडलेले होते. मधून मधून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज करीत होते. आम्हांला वाटले, भूक लागली असणार. चिरंजीव केंद्रीय विद्यालयात असताना त्यांच्या हिंदीच्या पुस्तकात महादेवी वर्मांचा 'गिल्लू' होता. कावळ्यांनी घायाळ केलेले खारीचे पिल्लू महादेवींनी उचलून आणले, त्याला कापसाच्या वातीने दूध पाजण्याचा प्रयत्न केला, आणि पुढे तो गिल्लू त्यांच्या घरातलाच एक होऊन दोन वर्षे राहिला, अशी ती हकीकत. त्यांच्या 'मेरा परिवार' ह्या १९७२ सालच्या पुस्तकातली. परीक्षेपूर्वी तो धडा आम्हीच चिरंजीवांकडून घोकून घेतला होता. त्यातली वात तेवढी आमच्या लक्षात राहिली. ते दूध गिल्लूच्या तोंडात गेलेच नव्हते, दोन्ही कडांनी ओघळून गेले, हे मात्र आम्ही विसरलो. महादेवींच्या लेखणीत काही उणे नव्हते. उणे वाचणाऱ्यात होते.

आम्ही शीतकपाटातले गाईचे दूध कोमट केले, त्यात पाणी घातले, देवघरातून वात आणली. पिल्लाला डाव्या तळहातावर तान्ह्या मुलासारखे उताणे धरले आणि वात तोंडाशी नेली. ते अधाशासारखे चोखू लागले. आम्हांला इतका आनंद झाला की आम्ही वात पुन्हा बुडवली, पुन्हा नेली, आणि मग जरा घाई केली. एकाएकी त्याच्या नाकातून दुधाचा एक बुडबुडा आला. पिल्लू शिंकल्यासारखे झाले, पुढचे पाय ताणले, आणि निश्चल राहिले. आम्ही ते पालथे केले, नाक पुसले. थोड्या वेळाने श्वास सुरळीत झाल्यासारखा वाटला. सौ. परत आल्या तेव्हा आम्ही "थोडे पाजले" एवढेच सांगितले. बुडबुड्याचे सांगितले नाही.

सोमवारी कचेरीतून परतलो तो पिल्लू दूध घेईना. मानेवरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती, सुरकुती जात नव्हती. आणि कानाशी धरले म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर आतून एक बारीक 'टिक्' असा आवाज येत होता. जुन्या घड्याळासारखा, पण घड्याळापेक्षा कितीतरी भरभर.

बरेलीत एक मोठी सोय आहे ती इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेची. ही संस्था मूळची पुण्याची. १८८९ मध्ये ती पुण्यात सुरू झाली, १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली आणि पुढे खाली इज्जतनगरला उतरली. तिच्याही नशिबी बदल्या होत्या. म्हणून असेल, आम्हांला तिच्याविषयी आपलेपणा वाटतो. तिथे शिकणारा परभणीकडचा एक तरुण महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आमच्याकडे जेवायला येऊ लागला आणि पुरणपोळीच्या ऋणाने आमचा भाचाच झाला. त्याला फोन केला. तो रात्री आठला सायकलीवरून आला, हात धुतले, पिल्लू पालथे धरून कानाशी नेले, आणि विचारले,

"काका, हिला पाजलं कुणी? उताणं धरून पाजलं का?"

सौ. आमच्याकडे पाहू लागल्या. आम्ही सांगितले. वातीचे, घाईचे आणि बुडबुड्याचेही.

तो रागावला नाही. तरुण माणसे अलीकडे वडीलधाऱ्यांवर रागावत नाहीत. समजावून सांगतात, आणि ते अधिक लागते. "दूध श्वासनळीत गेलंय, काका. तिथून फुप्फुसात. त्याचाच हा न्यूमोनिया. आणि अंग गार होतं तेव्हा पाजलं, ते पचलंही नसणार. गाईचं दूध तर ह्यांना सोसतच नाही, जुलाब होतात. आता आधी ऊब, मग पाणी, मग दूध. हा क्रम चुकवायचा नाही."

त्याने भराभर कामाला लावले. शेकायची रबरी पिशवी कोमट पाण्याने भरून, टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्या भागाखाली ठेवली. अर्ध्याच, म्हणजे फार ऊन झाले तर पिल्लाला सरकता यावे. औषधाच्या दुकानातून जलसंजीवनीची पुडी आणली. मीठ-साखरेचे हे साधे पाणी १९७१ साली डॉ. दिलीप महालनबीसांनी बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या रोग्यांना पाजले आणि हजारोंचे प्राण राखले; तेच पाणी आता सुई काढलेल्या एक मिलिलिटरच्या सिरिंजने एक-एक थेंब करून आमच्या पाहुणीच्या ओठाला लावायचे होते. पिल्लू पालथे, डोके किंचित वर. थेंब ओठाला लावायचा, तो तिने आपणहून चाटायचा. दट्ट्या आपण दाबायचा नाही. दर पाजण्याआधी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखाली हळूच पुसायचे. कारण ह्या वयाच्या पिल्लाला लघवी आपणहून होत नाही, आई चाटते तेव्हाच होते. पाजायचे वजनाच्या शेकडा पाच. म्हणजे १९ ग्रॅमला एक मिलिलिटरपेक्षाही कमी. दूध सुरू करायचे ते कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या भुकटीचे, तेही पातळ. त्याच्या प्राध्यापकांना विचारून त्याने प्रतिजैविकाचे थेंब आणून दिले, मात्रा स्वतः मोजून दिली, आणि निघताना फाटकापाशी म्हणाला, "काका, उद्याचा दिवस निघाला तर बघू."

सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी रजिस्टर आणून आमच्यापुढे ठेवले. वेळ, मात्रा, वजन, शेरा, असे रकाने आम्ही आखले. ह्या कामात तरी आमचा हात कोणी धरू शकत नाही.

आता आईबद्दल सांगितले पाहिजे. न सांगता पुढे जाता आले असते तर बरे झाले असते. परंतु ह्या हकीकतीत ती पहिल्यापासून आहे.

आमची आई वाईला, दादा-वहिनींकडे असे. 'असे' म्हणण्यात तरी काय अर्थ. घर तिचेच, आम्हीच तिथे नसू. तेवीस वर्षे आम्ही ह्या गावाहून त्या गावाला फिरलो आणि दर महिन्याला पैसे पाठवीत राहिलो. तिला पक्षाघात झाला तेव्हा उजवे अंग गेले, बोलणे अर्धे गेले, आणि गिळण्याची शक्ती क्षीण झाली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितले होते, बसवून भरवा, दाटसर भरवा, पाणीसुद्धा पातळ देऊ नका. श्वासनळीत गेले तर धोका आहे. ह्या सूचना आम्हांला फोनवर कळल्या, आणि आम्ही त्या बरेलीहून वहिनींना फोनवर पुन्हा पुन्हा सांगत असू. सात महिने वहिनींनी तिला भरवले. दिवसातून सहा वेळा, एकेक जेवण पाऊण-पाऊण तासाचे. त्या पाऊण तासाचा हिशेब आम्ही कधी केला नव्हता. माघात तिला न्यूमोनिया झाला, आणि आम्ही दिल्लीवरून विमानाने पुण्याला, तेथून मोटारीने वाईला पोहोचलो तेव्हा सगळे आटोपलेले होते.

तेराव्या दिवशी स्वयंपाकघरात चार नातेवाईक बसलेले असताना आम्ही म्हणालो, "भरवणाऱ्यानं जरा भान ठेवायला हवं होतं."

नाव घेतले नव्हते. घेण्याची गरजच नव्हती. वहिनी वाढत होत्या. त्यांनी पातेले खाली ठेवले, पुन्हा उचलले, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर आत गेल्या. त्यानंतर सव्वा वर्ष वाईला फोन केला की दादाच उचलत. हवापाण्याचे बोलणे होई. वहिनींना विचारले की त्या देवळात गेलेल्या असत.

सोमवारच्या त्या रात्री, दोन वाजून दहा मिनिटांनी, जेवणाच्या टेबलावरचा दिवा पुस्तकाआड करून आम्ही खोक्यापुढे बसलो होतो. हातात सिरिंज. पिल्लाच्या ओठाला थेंब लावला. ते चाटीना. दुसरा थेंब लावावा तर पहिला अजून तिथेच. 'दट्ट्या जरासा दाबावा, आत गेले तर शक्ती येईल' असे शंभर वेळा मनात आले. एकोणीस ग्रॅमच्या, परक्या जातीच्या, दोन दिवसांच्या ओळखीच्या जिवासमोर बसून घाई आवरताना आमच्या कपाळाला घाम आला. सहा वेळा पाऊण तास. सात महिने. आणि मध्येच केव्हातरी तिला ठसका लागत असेल, तेव्हा त्या घरात वहिनींखेरीज कोण असे? दादा दुकानात. आम्ही बरेलीला, फोनच्या दुसऱ्या टोकाला, सूचनांसह.

पहाटेपर्यंत ०.४ मिलिलिटर पाणी गेले. रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात आम्ही 'आवाज आहे' असे लिहिले. वजन १७ ग्रॅम.

सकाळी सहाला वाईला फोन लावला. दादा त्या वेळी फिरायला जातात हे आम्हांला ठाऊक होते. नव्हते असे म्हणणार नाही. फोन वहिनींनी उचलला. आम्ही काय बोलणार हे ठरवले होते, आणि त्यातले काहीही बोललो नाही.

"वहिनी, एक विचारायचं होतं. घास गिळला हे कसं ओळखायचं?"

पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन तुटला असे वाटले. मग त्यांनी विचारले, "कुणाला भरवताय, भावोजी?"

आम्ही सांगितले. खारीचे पिल्लू म्हटल्यावर हसतील असे वाटले होते. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कंठावर बोट ठेवायचं. अगदी हलकं, दाबायचं नाही. गिळलं की कंठ वर सरकतो. मग चार श्वास मोजायचे. मग दुसरा चमचा. आधी नाही."

"वहिनी, त्या दिवशी स्वयंपाकघरात बोललो ते..."

"दूध उतू जातंय," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

खारीच्या पिल्लाला कंठ कोठे शोधायचा? करंगळीचे टोकही तिथे मोठे होते. परंतु दिव्यासमोर धरले म्हणजे गळ्याखालच्या पातळ कातडीतून एक सूक्ष्म हालचाल दिसे. सौ. सिरिंज धरीत, आम्ही तेवढे पाहत असू आणि 'गेला' म्हणत असू. मग चार श्वास. मंगळवारी दिवसभर सौ. एकट्या हे करीत राहिल्या. आम्ही दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो. रजेच्या अर्जात कारण 'घरगुती अडचण' असे लिहिले, आणि ते खोटे होते असे आम्हांला अजून वाटत नाही.

बुधवारी आवाज कमी झाला. गुरुवारी पिल्लाने सिरिंजचे टोक पुढच्या दोन्ही पंजांनी धरले. शुक्रवारी वजन पुन्हा १९. आमच्या परभणीच्या भाच्याने कानाशी धरून ऐकले आणि काही न बोलता जेवायला बसला, तीन पोळ्यांनंतर म्हणाला, "काकू, डाव्या बाजूला थोडं आहे अजून. पण निघेल."

त्याच संध्याकाळी वाईहून फोन आला. वहिनींचा. "वजन किती?" एवढेच विचारले. आम्ही सांगितले. "बरं," म्हणाल्या आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी. तिसऱ्या दिवशीही. पहिल्या आठवड्यात संभाषण ह्या दोन शब्दांपलीकडे गेले नाही. आम्हीही नेण्याचे धाडस केले नाही. मग हळूहळू 'काय खाते', 'झोपते कुठे', 'सौ.ची कंबर कशी आहे' असे होऊ लागले. कचेरीत संध्याकाळच्या बैठका लांबल्या की आमचे लक्ष घड्याळाकडे जाई.

एका सकाळी चानीचा उजवा डोळा उघडला. डावा दुसऱ्या दिवशी. त्या एका दिवसात ती एका डोळ्याने जगाकडे अशी पाहत होती की लेखापरीक्षक प्रथमच कचेरीत आल्यासारखे वाटावे. ज्येष्ठात ती सौ.च्या खांद्यावरून पडद्यावर आणि पडद्यावरून आमच्या डोक्यावर जाऊ लागली. एकदा बोटाला चावली. शेजारचे वकीलसाहेब घाबरून रेबीजच्या इंजेक्शनाच्या गोष्टी करू लागले. खारी-उंदरांसारख्या लहान प्राण्यांत तो रोग क्वचितच सापडतो, हे त्यांना भाच्याने समजावले, तरी ते आमच्याशी पंधरा दिवस हात राखूनच वागले. फळे, पालेभाजीची कोवळी पाने, भिजवलेले धान्य असे सुरू झाले. शेंगदाण्यांवर तिचा फार जीव; पण नुसते दाणे खाल्ले तर हाडे ठिसूळ होतात, चुना कमी पडतो, म्हणून ते मोजून. तो मोजणारा कठोर माणूस आम्ही, सौ. मोजणीच्या वेळी दुसरीकडे पाहत.

ह्या खारीच्या जातीबद्दल वाचताना एक गंमत कळली. १८९८ साली तिच्या काही भाऊबंदांना पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर सोडण्यात आले, आणि त्यांनी त्या परमुलखात संसार थाटला तो पिढ्यान्‌पिढ्या. कडुनिंब नाही, आंधी नाही, सेतूची गोष्ट सांगणारी आजी नाही. वाचून आम्हांला जबलपूर, रायपूर आणि बरेलीच्या महाराष्ट्र मंडळांची आठवण झाली.

आषाढ लागला. वनखात्याच्या त्या गृहस्थांचा आदेश दोन वाक्यांचा होता. पहिले वाक्य आम्ही पाळले, दुसरे उरले होते. मागच्या ओसरीवर जाळीचा मोठा पिंजरा आठ दिवस ठेवला, म्हणजे तिला झाडाची, पाखरांची, इतर खारींच्या चिरचिरीची ओळख व्हावी. कडुनिंबाच्या दुसऱ्या फांदीवर भाच्याने एक लाकडी खोके बांधले, आत सौ.नी तोच लुगड्याचा तुकडा घातला. शेवटचे वजन ८२ ग्रॅम. रविवारी सकाळी पिंजऱ्याचे दार उघडले. ती तासभर दारातच बसली. मग ओसरीच्या खांबावर, खांबावरून भिंतीवर, भिंतीवरून निंबावर. एका मोठ्या खारीने तिला तीनदा हुसकावले. चौथ्यांदा चानीने शेपूट झाडून असा काही कर्कश निषेध नोंदवला की ती मोठी बाजूला झाली. दुपारी ती खाली येऊन सौ.च्या हातून सफरचंदाची फोड घेऊन गेली. संध्याकाळी आली नाही.

सौ. ओसरीच्या पायरीवर बसून होत्या. आम्ही रजिस्टर उघडले. तारीख लिहिली, आणि वजनाचा रकाना तसाच राहिला.

ठरलेल्या वेळी फोन आला. "वजन किती?"

"आज केलं नाही, वहिनी. निंबावर आहे. सोडलं सकाळी."

"बरं," वहिनी म्हणाल्या. परंतु फोन ठेवला नाही. बराच वेळ नुसता त्यांच्या घरातला आवाज येत होता. भांडे ठेवल्याचा, दादांच्या खोकल्याचा.

"त्या दिवशी सकाळी त्यांनी पेज मागितली होती," त्या म्हणाल्या. "आंबेमोहोराची. बोलता येत नव्हतं, तांदळाच्या डब्याकडे हात केला. ताप होता, म्हणून मी दोनच चमचे दिले. कंठावर बोट ठेवून. दोन्ही चमचे गिळले होते त्यांनी, भावोजी. मी पाहिलं होतं."

आम्हांला काही बोलता आले नाही. 'हो' म्हणालो असू. तेही नक्की सांगता येत नाही. बाहेर निंबावर अंधार झाला होता आणि पूर्वेकडे ढग भरून येत होते.

"तिथं रात्री पाऊस आला तर," वहिनींनी विचारले, "ती कुठं बसेल?"